वाघर कुणाला मोजत नाही

मी ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत आहे असं सांगितलं की गारखेड्यातले लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, म्हणजे नेमकं काय? दुसरा, ते तर फुकट असतं ना, मग तुमचं पोट कशावर चालतं? पहिल्याला उत्तर द्यायचं मी सोडून दिलंय. माझी आई शेजारणींना सांगते, "आमची सुकेशनी इंटरनेटच्या दुकानात हाय," आणि मी मान डोलावते. दुसरा प्रश्न मात्र खरा आहे. या वर्षी त्यानंच माझा जीव खाल्ला.

ब्राउझर म्हणजे फोनमधली ती खिडकी, जिच्यातून तुम्ही वेबसाइट बघता. मोठ्या कंपन्यांच्या खिडक्या फोनसोबतच बसवून येतात. आमची 'वाघर' तशी येत नाही. ती मी आणि शिवशंकरनं दहा वर्षांपूर्वी पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत सुरू केली. खाली दळण, वर आम्ही. पहिली दोन वर्षं आमच्या कीबोर्डमधून पीठ निघायचं. आतलं इंजिन आमचं नाही, हेही सांगून टाकते. ते सगळ्यांना मोकळं आहे, मोठ्यांच्या पोटातही तेच असतं. आमचं काय, तर हलकेपणा. जुन्यापुराण्या फोनवर, पडक्या नेटवरही वाघर चालते. आणि दुसरं आमचं म्हणजे 'गाठोडं' नावाचं एक बटण. रेंज असेल तिथं पानं गाठोड्यात बांधून घ्यायची, रेंज नसेल तिथं सोडून वाचायची.

गाठोडं शिवशंकरला सुचलं, कारण त्याचे वडील, सोनाजी आबा, वर्षातले आठ महिने मेंढरांमागं रानात असतात. नावही तिथूनच आलं. मेंढरं कोंडायला धनगर शेतात जाळी उभी करतात, ती वाघर.

तर पैशाचं असं. वरच्या पट्टीत तुम्ही काही शोधायला टाकलं की ते एका सर्च कंपनीकडं जातं. गिऱ्हाईक धाडल्याबद्दल ती कंपनी आम्हाला शोधामागं काही पैसे देते. किती शोध आले ते त्यांच्याच यंत्रात दिसतं, दर महिन्याला बँकेत जमा होतं, आणि त्यावर आम्ही पाच जण जगत होतो. त्यामागं माणसं किती, हे आम्हाला कुणी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

कारण वाघर पहिल्यांदा उघडली की एक ओळ दिसायची: 'वाघर कुणाला मोजत नाही.' लोकांना ती जाहिरातवाल्याची करामत वाटायची. ती शिवशंकरच्या घरची रीत होती. त्यांच्यात मेंढरं मोजत नाहीत. का नाहीत, हे त्यानं कधी सांगितलं नाही. मी नजर लागण्याचं काहीतरी समजून हसून सोडून दिलं. पण पहिल्याच दिवशी त्यानं सर्व्हरवरची नोंद बंद केली. कोण आलं, कोण गेलं, काही लिहायचं नाही. जगात एवढी आंधळी ब्राउझर कंपनी दुसरी नसेल. धनगराच्या पोरानं काढली म्हणूनच अशी निघाली.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सर्च कंपनीच्या सायलीचा कॉल आला. ही मूळची पुण्याची, बसते बेंगळुरूला, आणि वाईट बातमी इतक्या गोड आवाजात देते की राग यायला पाच मिनिटं लागतात.

"नवीन पॉलिसी आहे, सुकेशनीताई. रोजचे एक लाख फोन नसतील ते पार्टनर एप्रिलपासून बंद. तुमचे किती?"

मी शिवशंकरकडं बघितलं. शिवशंकर पंख्याकडं बघत होता.

"लई हायत," तो म्हणाला.

"लई म्हणजे?"

"वाळूजच्या कारखान्यांकडं मोबाइलची दुकानं आपणहून टाकून देतात. मेमरी कार्डावरून. कंपन्यांच्या बसमध्ये पोरं एकमेकांना पाठवतात. तीन लाख तरी असतील."

"असतील नको, दादा. डॅशबोर्ड दाखवा ना. एकतीस मार्चपर्यंत दाखवलात तरी चालेल."

कॉल संपला आणि मी उठून उभी राहिले. मला बसून भांडता येत नाही. "मोजणी घालू या," म्हटलं. "एका अपडेटचं काम आहे. दोन दिवसांत कळेल."

"ओळ लिहिलीय आपण."

"एप्रिलमध्ये ती ओळच खायला घालणार आहेस का सगळ्यांना?"

तो काही बोलला नाही. त्याचं हेच डोक्यात जातं. भांडणात माणसानं निदान आपल्या वाटचं तरी बोलावं. त्याऐवजी त्यानं गाडी काढली आणि पुढचे तीन आठवडे वाळूजची मोबाइलची दुकानं पालथी घातली. किती फोनांत वाघर टाकली, असं विचारत फिरला. संध्याकाळी धुळीनं भरून यायचा. मी विचारायचे, काय म्हणाले? तो दुकानदारांच्याच सुरात सांगायचा, "बहोत है भाई, बहोत." तीन आठवड्यांत हा एवढाच आकडा आमच्या हाती लागला.

एक मार्चला मी मोजणी घातली. शिवशंकरला न सांगता.

अपडेट सोडायची किल्ली पहिल्यापासून माझ्याकडं आहे आणि मी काय सोडते ते तो बघत नाही. अक्षरं नीट दिसण्याची एक दुरुस्ती जायचीच होती, तिच्यात मी ते चिकटवलं. प्रत्येक फोन स्वतःला एक क्रमांक घेणार आणि दिवसातून एकदा आमच्या सर्व्हरला गुपचूप कळवणार, मी आहे. बाकी काही नाही. नाव नाही, गाव नाही. मी स्वतःला असंच समजावलं, आणि समजावावं लागलं यातच काय ते आलं.

पहिल्या दिवशी नऊ हजार. दुसऱ्या दिवशी बावीस. मी जेवताना फोन बघत होते, आई ओरडत होती. तिसऱ्या दिवशी अडतीस. मला वाटलं, आठवड्यात लाख, मग शिवशंकरला पेढा देऊन सांगू. चौथ्या दिवशी एक्केचाळीस हजार तीनशे सहा. पाचव्या दिवशी एक्केचाळीस हजार दोनशे अठ्ठ्याण्णव.

तिथंच थांबला. वर जाईना.

मग माझं जे सुरू झालं ते सांगायला लाज वाटते. सकाळी दात घासायच्या आधी आकडा. भाजी घेताना आकडा. क्रांती चौकात सिग्नलला गाडीवर बसून आकडा, मागून हॉर्न. दहा वाढले की जीव भांड्यात, आठ घटले की पुन्हा पुन्हा तेच पान उघडायचं. दहा वर्षं माणसं येत होती, जात होती, मला कधी त्याचं काही वाटलं नव्हतं. आता एक जरी गेला तरी वाटायचं, का गेला? अक्षरं बारीक वाटली? फोन फुटला? माणूसच गेला? रोज साठ-सत्तर कमी व्हायचे, तेवढेच नवे यायचे, आणि मी त्या साठ-सत्तरांच्या मागं डोक्यानं धावत सुटायचे. शिवशंकर समोरच बसलेला असायचा. अजून तीन लाखांच्या भरवशावर.

"तुला काय झालंय?" त्यानं एकदा विचारलं. "पायाला भिंगरी लागल्यासारखी करतीस."

"उकडतंय."

त्या रविवारी तो आबांना भेटायला गंगापूरकडं निघाला, आणि मला म्हणाला, चल, तुझं डोकं जरा थंड होईल. मी गेले. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

आबांची मेंढरं उसाच्या खोडव्याशेजारी एका मोकळ्या रानात बसवलेली होती. शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, आबांना धान्य. दिवस कलला होता. शिवशंकरच्या आईनं, म्हाळसाबाईंनी, तीन दगडांवर चहा ठेवलेला. वाघर उभी होती; मी ती खरी वाघर पहिल्यांदाच एवढ्या जवळून बघितली, साधी सुताची जाळी आणि खुंट्या. एका बाजूनं थोडी फट ठेवलेली, आणि तिच्यातून मेंढरं आत जात होती. आबा फटीशी उभे होते. हातात काठी, लक्ष मेंढरांकडं, तोंडानं माझी चौकशी.

माझा नाइलाज झाला. मी मोजायला लागले. सत्त्याऐंशीपर्यंत गेले आणि दोन कोकरं एकदम घुसली, चुकले.

"आबा, एकूण किती आहेत?"

शिवशंकरनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी देवघरात चपला घालून गेले होते.

"हायत तेवढी हायत," आबा म्हणाले. शेवटचं मेंढरू आत गेलं. त्यांनी फट बंद केली, मग हात तसाच खुंटीवर ठेवून थांबले. "काळतोंडीचं कोकरू नाय आलं."

एवढ्या मेंढरांत? मला तर सगळी सारखीच दिसत होती. पण शिवशंकर काही न विचारता पाटाच्या दिशेनं गेला आणि दहा मिनिटांत बगलेत कोकरू घेऊन आला. पाय चिखलात रुतला होता. आबांनी ते आत सोडलं. एक काळ्या तोंडाची मेंढी गर्दीतून वाट काढत आली, तिनं त्याला हुंगलं.

"आबा, न मोजता कसं कळतं?"

"आता तुझी आई पोरं मोजून ताटं घेती का?"

"पण मग कधीच मोजत नाही?"

"मोजतो की. येपारी आला म्हंजे." आबा खाली बसले, म्हाळसाबाईंनी चहा दिला. "एकेकाचा पाय धरायचा आन् मोजून त्याच्या हवाली करायचं. मोजलं की ते आपलं नसतं पोरी. म्हून रोज नाय मोजत. रोज कशापायी इकायचं?"

चहा गरम होता, मी तो गटागटा प्यायले. जीभ भाजली. मला तिथून उठून पळावंसं वाटत होतं.

परत येताना वाळूजला शिफ्ट सुटली होती. बस, गाड्या, डबे लटकवलेली पोरं, रस्ता भरलेला. शिवशंकरनं गाडी एका टपरीशी थांबवली. बाकड्यावर चार जण बसले होते, चौघांच्या माना फोनमध्ये. त्यातल्या एकाच्या फोनवर आमची हिरवी पट्टी दिसत होती. शिवशंकरनं मला कोपरानं ढोसलं. लहान पोरासारखा खूश झाला होता. मला ते सहन झालं नाही.

"मी मोजणी घातलीय," मी म्हणाले. "आठ दिवस झाले."

त्यानं वळून बघितलं. काहीतरी बोलायला गेला, मग हात वर केला. "आकडा सांगू नको."

"सांगणार."

"सुकेशनी, नको."

"एक्केचाळीस हजार! एक्केचाळीस हजार आहेत, तीन लाख नाहीत, लाखही नाहीत! दहा वर्षं तू हवेत बोलत होतास आणि मी ऐकत होते!"

बाकड्यावरचे चौघं बघायला लागले. शिवशंकर गाडीला टेकून उभा राहिला. त्याचा चेहरा एवढा उतरलेला मी कधी बघितला नव्हता. फसवलं म्हणून उतरला, की आकडा ऐकून, हे मला आजही सांगता येणार नाही. मग त्यानं गाडी सुरू केली आणि मी मागं बसले. ती गाडीवरची पाऊण तासाची वाट मला गंगापूरपेक्षा लांब वाटली.

मला वाटलं, सकाळी येऊन म्हणेल, काढून टाक. तो आला, पिशवी ठेवली, पाणी प्यायला, आणि माझ्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला.

"आज किती?"

मंगळवारीही विचारलं. बुधवारी त्यानं स्वतःच्या फोनवर तो आकडा मागून घेतला. मग आम्ही दोघंही तसेच झालो. एक जण जिन्यावरून वर येताना विचारायचा, दुसरा न बघता सांगायचा. कामाचं बोलणं बंद झालं. गाठोड्यातली एक जुनी चूक महिनाभर पडून होती, तिच्याकडं कुणी बघेना. बारा कमी झाले की तो म्हणायचा, कोण असतील? मी म्हणायचे, मला काय माहीत, क्रमांक आहेत नुसते. एकदा तो फारच चिडला आणि माझ्यावर ओरडला, "मग मोजून उपयोग काय?" दहा वर्षांत पहिल्यांदा ओरडला. मला बरंच वाटलं, खरं सांगायचं तर.

एकोणीस मार्चला मी सायलीला खरा आकडा सांगितला. मग तोच गोड आवाज.

"लाख नाहीत, पण थांबा. तुमचे बरेचसे इंडस्ट्रियल एरियातले आहेत ना? फोनला क्रमांक दिलाच आहे तुम्ही. त्याच क्रमांकावर कधी उघडतात, कुठून उघडतात, काय शोधतात, एवढं जोडून दिलंत तर वेगळा करार होईल. शिफ्टवरची माणसं कधी उठतात, कधी त्यांच्या हातात पैसा असतो, याला मार्केट आहे. आत्तापेक्षा जास्तच मिळतील."

"उद्या सांगतो," शिवशंकर म्हणाला.

कॉल बंद झाल्यावर खालची गिरणी तेवढी ऐकू येत होती. "एकेकाचा पाय धरायचा," मी म्हणाले. त्याला कळलं. तो टेबलावर हात ठेवून बसला.

"काढून टाक," तो म्हणाला. "आजच. पुढच्या दुरुस्तीत गुपचूप जाऊ दे. कुणाला कळायचं कारण नाही."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"चोरून घातलं, चोरून काढणार नाही. सांगून काढू."

"लोक काढून टाकतील वाघर. हायत ते बी जातील! आबांना काय सांगू मी?"

"आबांना मी सांगेन. घातलं मी."

आम्ही दुपारभर भांडलो. ओळ त्याच्या घरची होती, तिला माझ्यामुळं डाग लागला होता, आणि तो डाग चारचौघांत दाखवायचा म्हणजे त्याच्या जिवावर आलं होतं. मला ते कळत होतं. तरी मी हटले नाही. शेवटी त्यानंच कागद ओढला आणि लिहिलं, आणि मी त्यातली दोन वाक्यं खोडली, कारण तो उगाच माफी लांबवत होता. राहिलं ते असं: 'वाघरीनं एक मार्चपासून तुम्हाला मोजलं. न विचारता मोजलं. चूक आमची. तुमचा क्रमांक पुसला आहे. आता मोजत नाही.' खाली आमचा फोन नंबर.

सायलीला 'नाही' असं कळवलं. ती म्हणाली, "ताई, इमोशनल होताय तुम्ही." मी म्हटलं, व्हय.

वीस मार्चला अपडेट सोडलं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी काय करून बसले ते. ज्या फोनवर अपडेट पोचेल तो 'मी आहे' म्हणायचं थांबवणार. ज्यानं रागावून वाघर काढून टाकली तोही थांबवणार. इकडून दोन्ही सारखंच दिसणार. राहिला की गेला, कळायला वाट नाही.

आकडा कोसळायला लागला. एकतीस हजार. अठरा हजार. मी आणि शिवशंकर खुर्च्या लावून शेजारी शेजारी बसलो होतो. नऊ हजार. "यातले किती राहिले असतील?" तो म्हणाला. चार दिवसांनी सहाशे. मग चाळीस. आमच्यातल्या दोघांनी दुसरीकडं अर्ज केल्याचं सांगितलं. जूनपर्यंत पुरेल एवढंच बँकेत होतं. एकोणतीस मार्चला पडद्यावर एक उरला.

दुपारी एक होता, संध्याकाळीही एकच. हलेना.

"कोण असंल हा?" शिवशंकर म्हणाला. त्याच्या आवाजात आशा होती, मला तेच टोचलं. "अपडेटच घेत नाय. रानात असंल कुठंतरी, रेंज नसंल."

"रेंज नसती तर कळवलं कसं असतं?" मी ओढणीआडच्या खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. कामाच्या फोनवर मी अपडेट आपोआप येऊ देत नाही. आणि या वेळी हातानंही घेतलं नव्हतं. तो एकसुद्धा गेला तर मी कशाकडं बघू, असं वाटत होतं. खुळेपणा होता, पण होता.

शिवशंकर हसला नाही. त्यानं फोन माझ्याकडं सरकवला. मी बटण दाबलं. आमचीच माफी माझ्याच फोनवर मी वाचली, अक्षर न् अक्षर. पडद्यावर शून्य आलं. मग मी मोजणीचं ते पानच सर्व्हरवरून काढून टाकलं, आणि त्या रात्री पहिल्यांदा सलग झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला फोन वाजला. मी नुकतीच कुलूप उघडत होते, शिवशंकर जिन्यात होता.

"वाघरवाले का?" मागं गाड्यांचा आवाज. शिफ्ट सुटलेली असणार.

"हो."

"तुमची ती चिठ्ठी वाचली आम्ही. लाईनवर सगळ्यांनी वाचली. निम्म्या पोरांनी काढून टाकलं तुमचं."

"आणि तुम्ही?"

"म्या शिव्या द्यायला फोन लावला."

"द्या," मी म्हणाले.

त्यानं दिल्या. मनापासून दिल्या, दोन-तीन तर मी नव्यानं ऐकल्या. मी दारात उभी राहून ऐकत होते आणि मध्ये एकदाही बोलले नाही. मग त्याला दम लागला.

"आन् दुसरं," तो म्हणाला, "त्या गाठोड्यातलं पान उघडंना झालंय. महिना झाला. पीएफचं हाय त्याच्यात, मला लागतंय. तेवढं बघा की राव."

मी तशीच आत धावले. पेन सापडेना, शिवशंकरच्या खिशातलं ओढून घेतलं.

"नाव सांगा तुमचं."

"कचरू. वाळूजला असतो."

"कोण आहे?" शिवशंकरनं खुणेनं विचारलं.

"कचरू," मी फोनवर हात ठेवून म्हणाले. "वाळूजचा. त्याचं गाठोडं अडकलंय."

शिवशंकरनं पिशवी खाली टाकली आणि खुर्ची ओढली. "कोणता फोन हाय, इचार त्याला," तो म्हणाला.